माफीचा साक्षीदार

'माफीचा साक्षीदार' हे शब्द पेपरात नेहमी दिसतात. पोलिसांनी कुणालातरी फोडला, असं आपण समजतो आणि पान उलटतो. पण माफी पोलीस देत नाहीत, कोर्ट देतं. अट एकच: गुन्ह्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं खरं सांगायचं. काही लपवलं की सौदा मोडला, पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात!

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे पुण्याचा दिगंबर बडगे. 'शस्त्र भांडार' हे त्याचं दुकान. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसच्या आवारात मदनलाल पाहवाने स्फोट केला, तेव्हा कटातला बडगे तिथेच होता. ३० तारखेला गांधीजींचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी बडगेला अटक. खटला लाल किल्ल्यात, न्यायाधीश आत्माचरण. २१ जूनला बडगेला माफी मिळाली आणि नऊ आरोपींचे आठ झाले.

आता गंमत बघा. कट बंद दाराआड शिजतो, त्यामुळे आतला माणूस बोलल्याशिवाय तो सिद्ध करणं कठीण. पण आतला माणूस स्वतःची मान सोडवायला बोलतोय, मग त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? १८७२ च्या पुरावा कायद्यात याची दोन उत्तरं होती. कलम १३३ म्हणायचं, नुसत्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा नाही. कलम ११४ म्हणायचं, दुजोरा नसेल तर तो भरवशाचा नाही असं कोर्ट धरू शकतं. आमच्या भाषेत, एरर नाही पण वॉर्निंग आहे.

आत्माचरण यांनी ती वॉर्निंग मनावर घेतली. बडगे सरळ बोलला, उलटतपासणीत त्याने टाळाटाळ केली नाही, असं त्यांनी निकालात नोंदवलं. तरीही सावरकरांविरुद्ध मुख्य आधार एकट्या बडगेच्या शब्दाचा होता, म्हणून १० फेब्रुवारी १९४९ ला सावरकर निर्दोष सुटले. त्या निकालावर आजही कडाक्याची भांडणं होतात, पण तत्त्व साधं आहे: साक्षीदार खरा वाटणं वेगळं आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर माणसाला शिक्षा देणं वेगळं.

मला मात्र या खटल्यातला दुसराच माणूस अस्वस्थ करतो. शंकर किस्तय्या. बडगेचा नोकर. मालकाने सांगितलं तिकडे गेला, दिलं ते उचललं. मालक माफी घेऊन साक्षीदार झाला आणि नोकराला जन्मठेप! न्यायाधीशांनी ती सात वर्षांवर आणायची शिफारस केली खरी, पण त्याला सोडलं ते पंजाब हायकोर्टाने, १९४९ मध्येच.

म्हणजे माफी सगळ्यात कमी दोषी असलेल्याला मिळते असं नाही. ज्याच्याकडे विकण्यासारखी माहिती जास्त, त्याला मिळते. किस्तय्याकडे विकायला काय होतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम १३८ मध्ये साथीदाराच्या 'दुजोरा मिळालेल्या' साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, अशी शब्दरचना आहे. जुनी वॉर्निंग आता कलमातच लिहिली गेली. हे चांगलंच झालं. पण माफी कुणाला द्यायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो दुजोरा मागायच्या कितीतरी आधी ठरलेला असतो.

असो. पुढच्या वेळी पेपरात 'माफीचा साक्षीदार' वाचाल, तेव्हा माफी न मिळालेल्यांची नावंही वाचा.