असेंबल केलेला पीसी उन्हाळ्यात का तापतो? थंड ठेवण्यासाठी काय कराल?

मे महिन्याची दुपार, खोलीत ४० अंश. व्हिडिओ एडिट करून एक्स्पोर्टला लावला की पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालतं. मग पंखे घरघरायला लागतात आणि वेग घसरतो. हिवाळ्यात हेच काम लवकर व्हायचं. प्रोसेसर जुना झाला, आता नवा घ्यावा, असं वाटायला लागतं. पण थांबा. बऱ्याचदा अडचण कॅबिनेटमधल्या हवेची असते आणि ती फारसा खर्च न करता सुटू शकते.

पीसी तापतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रोसेसर जितकी वीज घेतो, ती जवळपास सगळी उष्णतेत बदलते. उदाहरणार्थ, इंटेलचा कोअर आय ९-१३९००के हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डसाठी हा आकडा ४५० वॅट आहे. दोन्ही एकत्र चालले तर टेबलाखाली छोटा हीटर लावल्यासारखंच झालं.

प्रत्येक प्रोसेसरला तापमानाची मर्यादा ठरलेली असते. वरच्या इंटेल प्रोसेसरसाठी ती १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्ससाठी ९५ अंश आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला 'थर्मल थ्रॉटलिंग' म्हणतात. तरीही तापमान वाढत राहिलं, तर पीसी बंद पडतो. म्हणजे चिप लगेच जळत नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो मिळत नाही.

खोलीच्या तापमानाचा काय संबंध?

पंख्याचा कूलर असो की पाण्याचा, दोन्ही चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. त्यामुळे खोलीपेक्षा थंड ते चिपला करू शकत नाहीत. काम आणि पंख्यांचा वेग तोच ठेवून खोली २५ वरून ४० अंशांवर गेली, तर चिपचं तापमानही साधारण १५ अंशांनी वाढतं. एसी खोलीत केलेल्या चाचणीचा व्हिडिओ पाहून खरेदी करणार असाल, तर हा फरक आधी त्यात मिळवा.

विदर्भ-मराठवाड्यात खोलीत डेझर्ट कूलर असतो. त्याने खोली थंड होते, पण हवा दमट होते. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

हवा कुठून आत, कुठून बाहेर?

साधा नियम असा: थंड हवा समोरून किंवा खालून आत, गरम हवा मागून आणि वरून बाहेर. पंखा कोणत्या बाजूला हवा फेकतो, हे चौकटीवरच्या बाणावरून कळतं. बाण नसेल, तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या दिसतात, हवा सहसा त्या बाजूने बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींमधून धूळ कमी शिरते. अर्थात, आत घेणाऱ्या पंख्यांसमोर जाळी हवी.

समोर सलग काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान असतं, पण बाजूला पुरेशा फटी नसतील तर पंख्यांना हवाच मिळत नाही. हीच गत कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्याची. तिथे गरम हवा फिरून पुन्हा आतच येते.

एअर कूलर घ्यावा की लिक्विड?

एअर कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. त्यातलं थोडंसं द्रव चिपजवळ वाफ होतं, पात्यांपाशी पुन्हा द्रव होतं आणि उष्णता वाहून नेतं. यात बिघडण्यासारखा भाग म्हणजे फक्त पंखा. लिक्विड कूलरमध्ये पंपही असतो आणि तो कधीतरी थकतो. मध्यम ताकदीच्या प्रोसेसरला चांगला एअर कूलर पुरतो. जास्त वॅटच्या प्रोसेसरवर तासन् तास काम करायचं असेल, तर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर उपयोगी पडतो. तो बसवताना पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका, नाहीतर त्यात हवा अडकते.

लायटिंग लावताना जपा

आरजीबी पट्ट्यांच्या पिना दोन प्रकारच्या असतात: १२ व्होल्टच्या ४ पिना आणि ५ व्होल्टच्या ३ पिना. ५ व्होल्टची पट्टी जबरदस्तीने १२ व्होल्टच्या जागी लावली, तर दिवे जळतात. जोडण्याआधी मदरबोर्डवर छापलेला आकडा वाचा.

सुरुवात कुठून कराल?

१. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर काम सुरू असतानाचं तापमान नोंदवा.

२. कॅबिनेटची बाजू उघडून तेच काम पुन्हा करा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे. एखादा पंखा वाढवा किंवा कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा.

३. फारसा फरक पडला नाही, तर पीसी बंद करून, प्लग काढून कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने उडवा. पंखा बोटाने धरून ठेवा, झोताने गरगर फिरू देऊ नका.

४. मग थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरते. नव्या कूलरखालचं प्लास्टिक काढायला विसरू नका. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त जणांकडून होते.

५. बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी कमी करून पाहा. रायझनमध्ये यासाठी 'इको मोड' असतो. वेग थोडाच कमी होतो, तापमान मात्र बरंच उतरतं.

एवढं करूनही तापमान मर्यादेला टेकत असेल, तर मोठा कूलर घ्या. नव्या प्रोसेसरचा विचार त्यानंतर.