डायव्हिंग मास्कच्या काचेवरील चिवट थर : कारणे आणि उपाय

नवा डायव्हिंग मास्क पाण्यात उतरताच धुरकट होतो, हा नवशिक्या पाणबुड्यांचा नेहमीचा अनुभव आहे. ग्रांदे बेटालगत डुबकी घेणाऱ्या गोव्यातील हौशी मंडळींना तो आहेच. समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या भोपाळसारख्या तलावांच्या शहरात त्याचे गांभीर्य अधिक आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथील छोट्या तलावात, खटलापुरा घाटाजवळ, गणेश विसर्जनाच्या वेळी नौका उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर शोधासाठी तलावात उतरणाऱ्याला गढूळ पाण्यात मुळातच फार जवळचे तेवढे दिसते. मास्कची काचही धुरकट झाली, तर तेवढी दृष्टीही हिरावली जाते. त्यामुळे काचेची स्वच्छता हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षेचा विषय ठरतो.

थर येतो कोठून?

मास्कची काच टेम्पर्ड, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली असते आणि तिच्याभोवती चेहऱ्याला चिकटून बसणारी सिलिकॉनची मऊ झालर असते. निर्मितीच्या वेळी आणि नंतर बंद डब्यात पडून असताना या सिलिकॉनचा अतिशय पातळ अंश काचेवर साचतो. तो डोळ्यांना दिसत नाही. साध्या पाण्याने धुऊन जातही नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे काच लगेच थंड होते आणि नाकातून व त्वचेतून येणारी वाफ तिच्या आतील बाजूवर जमते. स्वच्छ काचेवर ही वाफ पाण्याच्या सलग पापुद्र्यासारखी पसरते व आरपार दिसत राहते. सिलिकॉनच्या थरावर मात्र पाणी पसरत नाही. त्याचे असंख्य बारीक थेंब होतात, प्रकाश विखुरतो आणि काच पांढुरकी दिसू लागते. हा थर न काढता धुकेरोधक द्रव कितीही लावला, तरी तो टिकत नाही.

थर कसा काढावा?

प्रथम काचेचा प्रकार पाहावा. मास्कवर ‘टेम्पर्ड ग्लास’ असा उल्लेख असेल आणि काचेवर कोणतेही लेपन नसेल, तरच पुढील उपाय करावा. आरशासारख्या चमकदार किंवा कारखान्यातच धुकेरोधक लेप दिलेल्या काचा घासू नयेत. त्यांच्यासाठी उत्पादकाची सूचनाच प्रमाण मानावी. पोहण्याच्या प्लॅस्टिकच्या गॉगलवरही हा प्रयोग करू नये, त्यावर ओरखडे उठतात.

साधी पांढरी टूथपेस्ट घ्यावी. पारदर्शक जेल नको. तिच्यात सामान्यतः असणारे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण काचेपेक्षा मऊ असतात, पण सिलिकॉनचा थर खरवडण्यास पुरेसे ठरतात. कोरड्या काचेच्या दोन्ही बाजूंना ती लावून बोटाने गोलाकार तीन-चार मिनिटे चोळावी. काच आणि चौकट जेथे मिळतात त्या कडा विसरू नयेत, कारण थर तेथेच अधिक टिकतो. मग कोमट पाण्याने धुऊन भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचा एक हात द्यावा. बहुतेक नव्या मास्कना ही क्रिया दोन-तीन वेळा करावी लागते.

झाले की नाही हे तपासण्याची रीत सोपी आहे. काच कोरडी करून तिच्यावर तोंडाने वाफ सोडावी. वाफ क्षणात उडून गेली तर थर निघाला. पांढरा पट्टा रेंगाळला तर त्या जागी पुन्हा चोळावे.

लायटरच्या ज्योतीने थर जाळण्याची पद्धतही पाणबुड्यांत प्रचलित आहे. मात्र ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तरी सिलिकॉन वा चौकट वितळते आणि काच तडकू शकते. नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि तारेचा काथ्या पूर्णतः वर्ज्य.

वापरातून साचणारे डाग

जुन्या मास्कवरचे सर्व डाग सिलिकॉनचे नसतात. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके क्षारांचे असतात. निम्मे पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ते विरघळतात. सनस्क्रीन आणि चेहऱ्यावरील तेल साबणाने निघते. समुद्रातील डुबकीनंतर मीठ सुकण्यापूर्वीच मास्क गोड्या पाण्यात बुडवावा.

ही सारी साफसफाई घरीच करावी, तलावाच्या काठी नव्हे. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून निर्माण केल्याचे सांगितले जाणारे बडे तालाब आजही भोपाळच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. छोट्या तलावासह ते ‘भोज पाणथळ क्षेत्र’ म्हणून २००२ पासून रामसर यादीत आहे. साबण आणि टूथपेस्टचा फेस अशा पाण्यात जाता कामा नये.

प्रत्येक डुबकीपूर्वी

थर निघाला तरी वाफ धरणे सर्वस्वी थांबत नाही. उतरण्याआधी पाण्यात मिसळलेल्या बेबी शाम्पूचे दोन थेंब किंवा थोडी लाळ आतून पसरून हलकेच विसळावी आणि मास्क लगेच चढवावा. तरीही पाण्याखाली काच धुरकट झाली, तर घाबरून मास्क काढू नये. थोडे पाणी आत घेऊन काचेवरून फिरवावे, मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकावाटे श्वास सोडावा. पाणी खालच्या कडेतून निघून जाते. हे कौशल्य प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात आधीच आत्मसात केलेले असावे. डुबकीनंतर मास्क सावलीत वाळवून कडक डब्यात ठेवावा. काही महिन्यांनी वाफेची चाचणी पुन्हा घ्यावी, कारण बंद डब्यात हा थर नव्याने साचू शकतो.