चिपीचें विमान आणि परकीय भांडवल

ता. ८ ऑक्टोबर २०२१ रोजीं एअर इंडियाच्या विक्रीचा निर्णय जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशीं वेंगुर्ले तालुक्यांतील चिपी येथें सिंधुदुर्गाच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे, तोट्यांतील सरकारी विमान कंपनी विकली जाते तेव्हां लहानशा किनाऱ्याच्या वांट्यास काय येतें, हा प्रश्न सहजच उभा राहतो.

एअर इंडियाचें मूळ टाटांच्या १९३२ सालच्या हवाई टपालसेवेंत आहे. १९५३ सालीं ही कंपनी सरकारनें ताब्यांत घेतली. पुढें कर्ज अनावर झालें. जानेवारी २०१८ मध्यें परकीय विमान कंपन्यांस तींत शेंकडा ४९ पर्यंत भांडवल घालण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीं शेंकडा ७६ हिस्सा विक्रीस निघाला, परंतु एकही बोली आली नाहीं. शेवटीं टाटांनीं १८,००० कोटी रुपयांची बोली लावून ती घेतली. त्यांत १५,३०० कोटींचें कर्ज होतें, रोख काय ती २,७०० कोटींची. परकीय भांडवल आलें तें यानंतर: नोव्हेंबर २०२४ मध्यें विस्तारा कंपनी विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे शेंकडा २५.१ हिस्सा आला.

परंतु परकीय भागीदार हा कांहीं रामबाण उपाय नव्हे. केनियानें १९९६ सालीं आपल्या विमान कंपनीचा शेंकडा २६ हिस्सा डच कंपनीस दिला, तो संबंध पुष्कळ वर्षें टिकला. उलट टांझानियानें २००२ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीस दिलेला शेंकडा ४९ हिस्सा २००६ सालीं परत घेतला.

मग सरकारी मालकी तरी तारक ठरते काय? चिपीस मुंबईहून जें विमान येऊं लागलें तें अलायन्स एअरचें. ही उपकंपनी विक्रींतून वगळून सरकारनें आपल्याकडेच ठेविली होती. विमान सुमारें ७० आसनांचें. उडान योजनेखालीं ठराविक आसनांचा दर बांधलेला आणि येणारी तूट अनुदानानें भरून काढावयाची. ही मुदत तीन वर्षांची. ऑक्टोबर २०२४ मध्यें ती संपली आणि मुंबईची फेरी बंद पडली. त्या वेळीं मालक सरकारच होतें, हें विसरतां येत नाहीं.

तात्पर्य, मालक कोण यापेक्षां करारांत काय लिहिलें आहे यास अधिक महत्त्व आहे. देशी असो वा परकीय, भांडवल नफ्याच्या मार्गाकडेच वळणार. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या किनाऱ्यास अशी सेवा हवी, त्यानें ती किती वर्षें व कोणाच्या खर्चानें चालेल, हें आधींच ठरवून घेतलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. आगबोटीच्या काळीं मालवणची बोट पावसाळ्यांत बंद असे. पण पाऊस ओसरल्यावर ती पुन्हां धक्क्यास लागणार, एवढा भरंवसा घरोघरीं असे. आज हवा आहे तो तेवढाच भरंवसा.