इंजिन की मोटर? न्हावऱ्याच्या विहिरीपासून रांजणगावच्या कारखान्यापर्यंत

या धाग्यांत आपण बहुधा सनदा, वखारी आणि किल्ले यांविषयी बोलतो. आजचा विषय त्या मानाने कालचा आहे. तथापि इतिहास म्हणून तो कमी महत्त्वाचा नाही, आणि निदान आमच्या घरात तरी तो अजून संपलेला नाही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२८ जानेवारी २०२० रोजी टाटा मोटर्सने नेक्सॉन या गाडीची विजेवर चालणारी आवृत्ती बाजारात आणली. ही गाडी तयार होत होती शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, टाटा व फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात. याच कारखान्यात त्याआधी कित्येक वर्षे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू होणार होते. हे इंजिन त्या निकषांसाठी सुधारले गेले नाही आणि त्याचे उत्पादन थांबले. एका आवारात काही महिन्यांच्या अंतराने एका युगाचे प्रतीक बाहेर पडले आणि दुसऱ्याचे आत आले. अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारो गाड्या या वसाहतीजवळून जातात. त्यांतील कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे.

माझे गाव न्हावरे. रांजणगाव तेथून साधारण अर्ध्या तासावर. आमच्याकडे नवी गाडी घ्यायची आहे. चुलतभावाला विजेची हवी आहे. त्याला गाड्यांचे वेड आहे. कोणत्या गाडीचा टॉर्क किती, हे तो पाढ्यासारखे सांगतो. चुलते मात्र डिझेलवर ठाम आहेत. मागच्या दिवाळीत भावाने त्यांना तासभर आकडे ऐकवले. शेवटी ते एवढेच म्हणाले, "आकडे बरोबर असतील तुझे. पण हा वाद आपल्या विहिरीवर एकदा होऊन गेलाय, ते आधी समजून घे."

इतिहासाचा विद्यार्थी मी आहे. पण त्या दिवशी इतिहासाचा मुद्दा चुलत्यांनी मांडला.

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. आपल्याकडे डिझेल आणि वीज यांची पहिली मोठी स्पर्धा रस्त्यावर झाली नाही, ती विहिरीच्या काठावर झाली. बैलांची मोट मागे पडू लागली तेव्हा शेतकऱ्यापुढे दोन पर्याय आले. डिझेलच्या पंपाला गावाकडे नुसते 'इंजिन' म्हणतात आणि विजेच्या पंपाला 'मोटर'. "तुमच्याकडे इंजिन आहे की मोटर?" हा प्रश्न एके काळी सोयरिकीच्या बोलण्यातही निघत असे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात.

या दोन्ही शब्दांच्या मागे एकच मराठी घराणे उभे आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराने नाव कमावले. पुढे १९४६ साली पुण्यात, खडकीला, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी त्याच घराण्याने बंगळूरमध्ये विजेच्या मोटरी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनीही स्थापन केली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पुढची शक्ती कोणती याचा निकाल लागलेला नसताना, एका कुटुंबाने दोन्ही घोड्यांवर पैसे लावले होते. मला या घटनेचे फार अप्रूप वाटते.

आधी इंजिन जिंकले, कारण त्याला तारेची गरज नव्हती. डिझेलचा डबा बैलगाडीत घातला की शिवाराच्या टोकापर्यंत शक्ती पोहोचत असे. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब हळूहळू रानात शिरले आणि मग पारडे फिरले. मोटरीला तेल नको, हँडल मारायला नको, धूर नाही. शेतीपंपांना वीज सवलतीत मिळू लागली आणि अनेकांचे बिल मीटरवर नव्हे, तर पंपाच्या अश्वशक्तीवर आकारले जाऊ लागले. त्यानंतर इंजिनाला आर्थिक उत्तरच उरले नाही. घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या आमच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि न्हावऱ्यात घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यात पाण्याइतकाच या स्वस्त विजेचा हात आहे.

तरीही इंजिने मोडीत गेली नाहीत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राला ग्रासले, तेव्हा गोठ्यातली इंजिने पुन्हा बाहेर निघाली. चुलत्यांच्या शंकेचे मूळ येथे आहे. मोटर उत्तम, पण तारेत वीज असेल तर.

आता जरा गावाबाहेर पाहू. विजेची मोटारगाडी हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः १८९९ साली पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला, तो विजेच्या गाडीतून. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या हजारही नव्हत्या, उरलेल्या वाफेच्या. पेट्रोलची गाडी तेव्हा समोरचा दांडा फिरवून सुरू करावी लागे आणि त्या दांड्याच्या उलट्या झटक्याने मनगटे मोडत. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीची ही मोठी अडचण गेली. विजेच्या गाडीला हरवण्यात एका छोट्या विजेच्या मोटरीने हातभार लावावा, हा इतिहासाचा खोडकरपणा म्हणायचा.

मुंबईचा अनुभव निराळा आहे. तेथे ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी निघाली आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी विजेच्या इंजिनाने घाट चढू लागली. म्हणजे पुणेकर मध्यमवर्ग नव्वदहून अधिक वर्षे विजेवर प्रवास करीत आहे; मात्र त्याला कोणी 'इलेक्ट्रिक वाहन' म्हणत नाही! ट्राम १९६४ साली बंद झाली. बेस्टच्या ट्रॉलीबस १९६२ मध्ये आल्या आणि १९७१ पर्यंत टिकल्या. यातून एक गोष्ट लक्षात येते. जेथे तार वाहनासोबत चालत होती तेथे विजेला तोड नव्हती. तार सुटली की डिझेल जिंकत असे, कारण डिझेलच्या टाकीत जेवढी ऊर्जा मावते तेवढी त्या काळच्या शिशाच्या बॅटरीत मावणे शक्यच नव्हते.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये यशस्वी झाले. ते जड, आवाजी आणि अत्यंत काटकसरी होते. म्हणून ते आधी कारखान्यांत, जहाजांत आणि मालवाहू गाड्यांत रमले. भारतात सामान्य कुटुंबाच्या मोटारीत ते मोठ्या प्रमाणावर आणले टाटा इंडिकाने. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून आलेल्या या गाडीला १.४ लिटरचे डिझेल इंजिन होते. आवाज ट्रॅक्टरचा, पण खर्च दुचाकीच्या जवळ जाणारा, असे तिचे वर्णन आमच्या भागात होत असे. पुढे पुणे जिल्ह्यातील निम्म्या 'वडाप' आणि टॅक्सी इंडिकाच असाव्यात, असे लहानपणी मला वाटे.

येथे मोटारप्रेमींनी एक कबुली द्यायला हवी. डिझेल गाड्यांची ती लाट इंजिनाच्या गुणांवर जेवढी उठली, तेवढीच, किंबहुना अधिक, सरकारी दरावर उठली. ट्रक, एसटी आणि शेतीपंप यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवले जात होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ₹७३ च्या पुढे गेले, तेव्हा डिझेल ₹४१ च्या आसपास होते. शेतकऱ्याच्या नावाने दिलेल्या सवलतीवर आलिशान गाड्या धावत होत्या. मला हा त्या काळातला मोठा अन्याय वाटतो, आणि आमच्या घरची गाडीही त्याच सवलतीवर धावली, हेही सांगायला हवे.

रांजणगावच्या मल्टिजेटचे दिवस ते हेच. फियाटने २००३ साली युरोपात आणलेले हे इंजिन भारतात मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये, फियाटच्या पुंतोमध्ये आणि आणखी कितीतरी गाड्यांत बसले. मारुती ते परवान्याने मानेसरलाही बनवीत असे. मोटारविषयक नियतकालिके त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. ज्यांनी ते चालवले आहे त्यांना ती खास खूण आठवेल: दोन हजार फेऱ्यांखाली गाडी जरा सुस्तावलेली, आणि टर्बो जागा झाला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखा जोर. माझा भाऊ याच जोरावर वाढला. आज त्याला विजेची गाडी आवडते, तीही त्याच कारणाने. फरक इतकाच की तेथे टर्बो जागा होण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा २४५ न्यूटन-मीटर टॉर्क पाय टेकताच मिळतो.

डिझेलचा उतार मग झपाट्याने आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची उत्सर्जन चाचण्यांतील लबाडी अमेरिकेत उघडी पडली. भारतात तिची तपासणी पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केली. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने पुढील वर्षापासून डिझेल गाड्या न विकण्याची घोषणा केली. डिझेल इंजिनाला बीएस-६ मध्ये बसवण्यासाठी लागणारी यंत्रणा महाग होती आणि छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकाला ती परवडणारी नव्हती.

विजेच्या बाजूनेही महाराष्ट्राचे काम २०२० च्या आधीचे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी या शतकाच्या आरंभालाच 'इलेक्शा' ही विजेवरची रिक्षा विकसित केली होती. आज गल्लोगल्ली ई-रिक्षा दिसतात, तेव्हा फलटणची आठवण कोणी काढत नाही. आणि आमच्या रस्त्याविषयी सांगायचे, तर एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला धावली. तिची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा महामंडळाची पहिली विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी याच पुणे-नगर मार्गावर सुटली. दोन्ही गाड्या गेल्या त्या शिक्रापूर, रांजणगाव, शिरूरवरून.

आता घरचा हिशेब. न्हावरे ते पुणे सुमारे ७० किलोमीटर, जाऊन-येऊन १४०. डिझेल गाडीने लिटरला १७ किलोमीटर दिले आणि डिझेल ₹९० धरले, तर एका फेरीला सुमारे ₹७४० लागतात. विजेच्या गाडीने युनिटला ६ किलोमीटर दिले आणि घरची वीज ₹१० धरली, तर ₹२३५. भाऊ रोज रांजणगावला कामाला जातो; त्याला तर वाटेत चार्जिंगची गरजच नाही. पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळाले, तरी आठवड्यातून एक-दोन रात्री चार्ज केली की भागावे.

पण ही गाडी उभी कोठे राहणार? गावठाणात घर असेल, तर वीज बहुतेक वेळ असते. आम्ही राहतो रानातल्या वस्तीवर. गावठाण आणि शेती यांच्या वीजवाहिन्या वेगळ्या केल्या गेल्या, तेव्हा शेतातली अनेक घरे शेतीच्या वाहिनीवरच राहिली. तिला पूर्ण वीज दिवसातून आठ-दहा तास, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. शिरूर तालुक्यात बिबट्याच्या भीतीने शेतकरी वर्षानुवर्षे दिवसाची वीज मागत आहेत. दिवसा वीज मिळू लागली, तर पिकाला ती सोयीची. पण दिवसा कामावर असणारी गाडी चार्ज कधी करायची? शहरातील गाडीशौकिनांच्या चर्चेत हा प्रश्न येत नाही, कारण तेथे 'घरी चार्जिंग' हे गृहीतच असते.

वीज स्वच्छ असते, या दाव्यालाही थोडी मुरड घालावी लागते. आपल्या राज्याची बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून होते. धूर नाहीसा होत नाही. तो आमच्या रस्त्यावरून चंद्रपूरकरांच्या अंगणात जातो. तरीही गर्दीच्या रस्त्यावरील डिझेलच्या धुराशी तुलना करता मी स्वतः विजेच्या बाजूने झुकतो. भावाच्या सोयीसाठी नव्हे. हंगामात पुणे-नगर रस्त्यावर दुचाकीवरून ज्यांनी उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास काढला आहे, त्यांना कारण सांगायला नको.

दिवाळीचा वाद शेवटी एका अर्जावर येऊन थांबला. वस्तीवरच्या घरासाठी गावठाणाच्या वाहिनीवरून स्वतंत्र जोडणी मिळते का, हे पाहायचे ठरले. खांब किती लागतील, याचे मोजमाप अजून व्हायचे आहे. ते होईपर्यंत जुनी स्विफ्ट चालू आहे, पोटात ते १.३ लिटरचे इंजिन घेऊन. आणि गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, किर्लोस्करचे जुने इंजिनही आहे. चुलते दर पावसाळ्याआधी त्याला एकदा हँडल मारून पाहतात.