बंडीमागची चूल : पटाच्या जेवणाचा इतिहास

कापसाचे वेचे सरत आले आहेत, वाऱ्यात गारवा आहे आणि गावोगावी शंकरपटाचे, कुस्तीच्या दंगलीचे, कबड्डीच्या सामन्यांचे फलक लागले आहेत. फलकावर बक्षिसाची रक्कम असते, पाहुण्यांची नावे असतात, नेत्यांचे फोटो असतात. जेवणाबद्दल एक ओळही नसते. पण पटाला हजारोंनी माणूस जमतो, तो काही दिवसभर उपाशी उभा राहत नाही. त्याला कोण जेऊ घालत आले, काय जेऊ घालत आले आणि ते शिजवणारीला पट पाहायला मिळाला का, याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

सुरुवात बंडीपासून करावी लागेल. आपल्या वर्धा जिल्ह्याची निर्मिती १८६२ सालची. आधी कारभार पुलगावजवळच्या कवठ्याहून चाले, मग १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले. त्याच सुमारास आगगाडी आली. पण आगगाडी थांबते ते ठेसनावर, आणि जत्रा भरते डोंगरात, नदीकाठी, वावरात. त्यामुळे पुढची शंभर वर्षे आपली माणसे जत्रेला आणि पटाला गेली ती बंडीने, छकड्याने, नाहीतर दमणीने. आणि बैल कोणते? आपलेच गवळाऊ. आर्वी-कारंजा भागाची ही जात, पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ. ओझ्यापेक्षा धावेसाठी तिचे नाव. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीच्या संगोपनाचे सरकारी केंद्र आहे, ते उगीच नाही. ज्या बैलाने घरची माणसे जत्रेला आणली, त्याच्याच भाऊबंदाची जोडी पटावर धावायची. म्हणून बंडीत माणसांच्या शिदोरीआधी बैलांची ढेप आणि कडबा चढे.

त्यानंतर आपले सामान. पिठाची गठडी, तिखट-मीठ, तेलाची बुधली, एक मोठे गंज, पाण्याचा डेरा, वांग्यांची टोपली आणि गोवऱ्या. मुक्कामी पोचले की बैल सोडायचे, जू टेकवायचे आणि बंडीच्या मागच्या बाजूला वारा अडेल अशी जागा पाहून तीन दगड मांडायचे. बंडी हीच भिंत, बंडी हीच सावली, रात्री बंडीखालीच अंथरूण. ढग्याच्या महाशिवरात्रीला जंगलात असेच मुक्काम पडायचे. गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही जातात, तिथेही तेच. (गिरडच्या टेकडीवर सुपारीसारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी कथा सांगतात. गर्दीला माल विकायला जाणाऱ्या आम्हा बायांना ही कथा जरा जास्तच लक्षात राहते.)

नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा आहे. २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि महिनाभर चालते. तिथे लोक राहुट्या ठोकून राहत. मातीच्या हंडीतले मटण आणि रोडगे हे बहिरमचे जेवण, आजही त्यासाठी लांबून माणूस जातो.

रोडगा! गर्दीचे जेवण म्हणून आपल्या भागाने शोधलेली ही सर्वांत हुशार वस्तू आहे, असे आमचे मत आहे. गहू जाडसर दळायचा. जात्यावर जाडे दळण लवकर उतरते, हा दळणारीचा फायदा. आता गिरणीवाल्याला नुसते ‘रोडग्याचे’ म्हटले की तो समजून घेतो. पिठात मीठ, ओवा, थोडी हळद, तेलाचे मोहन. घट्ट मळायचे. लहान-लहान पुऱ्या लाटायच्या किंवा हातावरच थापायच्या, प्रत्येकीला तेल लावून चार-पाच एकावर एक ठेवायच्या आणि शेवटच्या मोठ्या पुरीत सगळ्या बांधून गोळा वळायचा. तिकडे गोवऱ्यांचा जगरा पेटवून ठेवलेला असतो. ज्वाळ बसली, निखारा लाल झाला की रोडगे त्यात सोडायचे, उलटेपालटे करायचे आणि मग गरम राखेत झाकून द्यायचे. घाई केली तर वरून काळे, आतून कच्चे. निवांत ठेवले तर आतले पदर सुटे होतात. बाहेर काढून फडक्यात घोळले की राख झडते. मुठीने फोडायचा, वर तुपाची धार.

यात गंमत कुठे आहे पाहा. तवा नको, पोळपाट नसले तरी चालते. पोळ्या करणारी बाई तव्यापुढून उठू शकत नाही, भाकर थापणारीचेही तेच. शंभर माणसांच्या भाकरी म्हणजे शंभर माणसे जेवेपर्यंत एका बाईची पाठ मोडणे. रोडगा मात्र एकदा राखेत गेला की तासभर तो स्वतःच शिजतो. तेवढ्यात जोडी सुटताना पाहता येते. शिवाय दुसऱ्या दिवशीही तो चांगला लागतो, परतीच्या वाटेवर पोरांच्या हातात देता येतो.

त्याच्यासोबत वांगी-आलूची पातळ भाजी, दाण्याचे कूट, लसूण, तिखट, वर तर्री आणि सांबार. साधे वरण. वांगे का? कारण हिवाळ्यात वांग्याला तोड नाही आणि भावही उतरलेला असतो. आणि गहू का, हेही विचारले पाहिजे. आपले रोजचे अन्न ज्वारी. म्हाताऱ्या बाया सांगतात की गव्हाचे जेवण म्हणजे सण, पाहुणा किंवा जत्रा. कापूस विकून हातात चार पैसे आले की माणूस गहू खायचा. म्हणजे पटाचे दिवस, कापसाचे दिवस आणि गव्हाचे दिवस एकच होते. ज्या हातांनी तो कापूस वेचला ते हात मात्र या गोष्टीत फारसे मोजले गेले नाहीत.

गाडीमागे चूल मांडणे ही काही आपलीच रीत नाही. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानाबाहेर हजारो गाड्या लागतात, लोक गाडीचे मागचे फळकूट उघडून त्यावर जेवण मांडतात, शेगडीवर मांस भाजतात, ओळख नसलेल्यालाही बोलावून खाऊ घालतात. (त्यांचा फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात, पण ते असो.) तिथल्या महाविद्यालयांचा पहिला सामना १८६९ चा मानतात. त्याआधी १८६१ मध्ये तर वॉशिंग्टनची मंडळी जेवणाच्या टोपल्या घेऊन चक्क लढाई पाहायला गेली होती. लढाई अंगावर आल्यावर टोपल्या टाकून पळाली. आणि १८६६ मध्ये, म्हणजे वर्धा शहर वसले त्याच साली, चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरे हाकणाऱ्याने गाडीच्या मागे कप्प्यांची पेटी बसवली. तिचे फळकूट खाली पाडले की ओटा तयार. त्या गाडीवर रांधणारा गडी पुरुष असे. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत.

आता बंडीमागच्या चुलीची दुसरी बाजू. प्रत्येक बंडीमागे वेगळी चूल का असायची? सोय म्हणून, हे खरे. पण तेवढेच नाही. एका चुलीवरचे सगळ्यांनी खायचे नाही, एका डेऱ्यातले पाणी सगळ्यांनी प्यायचे नाही, म्हणूनही ती वेगळी होती. जत्रेत बंड्या उभ्या राहत त्याही जातीजातीने. शेजारच्या जगऱ्यातल्या रोडग्याचा वास येई, रोडगा येत नसे. आपल्याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर दलितांना खुले केले ते १९२८ साली. तोपर्यंत देवाच्या दारातही रांग वेगळी होती, मग पंगतीचे काय सांगावे.

ही गोष्ट जेवणातून मोडायला निघालेला माणूस आपल्याच वऱ्हाडातला. गाडगेबाबा, जन्म १८७६, गाव शेणगाव. मुलीच्या बारशाला रिवाज होता मटण आणि दारूचा. त्यांनी नातेवाइकांचा रोष पत्करून गोडाधोडाचे साधे जेवण दिले. पुढे पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत ते स्वतः झाडू घेऊन घाट झाडत आणि आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी यांना बसवून जेऊ घालत. ज्यांना कोणत्याच बंडीमागे बोलावणे नव्हते त्यांच्यासाठी ही पंगत होती. हंडीच्या मटणाला आमची ना नाही, ज्याला आवडते त्याने खावे. पण जत्रेतल्या अन्नाकडे पाहताना कोण जेवला इतकेच नाही, कोण जेवायचा राहिला हेही पाहावे, ते या माणसाने कृतीने दाखवले.

आता आपल्या स्वतःकडे येऊ. जेवायला राहणाऱ्यांत आणखी एक माणूस असे, ते म्हणजे वाढणारी. पूर्वेकडे झाडीपट्टीत, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, पट म्हणजे गावाचा सण. दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, सोयरे. मुलामुलींच्या सोयरिकीही त्यातच ठरतात. पुरुष पाहुण्याला घेऊन पटाच्या दाणीवर जातो, बाई चुलीशी. पहिल्या पंगतीची भांडी होईतो दुसरी येते, तिची आवरेतो नाटकाची तिसरी घंटा होते. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायांना विचारले, ‘तुमच्या गावचा पट कसा असे?’ त्यांनी भाजी सांगितली, पाहुण्यांची नावे सांगितली, किती पायल्या पीठ लागले ते सांगितले. जोडी कोणाची जिंकली, ते त्यांना घरी परतलेल्या माणसांकडून कळले होते.

आणि गंमत अशी की वावरात रोडग्यांचा बेत केला की तो पुरुष करतात. जगरा लावायची त्यांना भारी हौस. ‘बायांना नाही जमत बरोबर शेकणे’ असेही वर म्हणतात. गोवऱ्या कोणी थापल्या, पीठ कोणी काढून दिले, वांगी कोणी चिरली, ते विचारू नये! तरी आम्हाला ही हौस उपयोगाची वाटते. का, ते पुढे येईलच.

मध्यंतरी पटच बंद झाले. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. बैलांना आर टोचणे, शेपटी पिरगाळणे हे प्रकार होत होते, हे आपणही पाहिले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, पण प्रकरण कोर्टातच अडकले. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम ठेवला. या साडेसात वर्षांत बैलमालकांच्या नुकसानीवर पुष्कळ भाषणे झाली. चहा, भजी, पोहे, उसाचा रस विकून त्या चार दिवसांत वर्षाचा किराणा भरणाऱ्या बायांचेही दुकान उठले होते, ते कोणत्या भाषणात आले नाही.

पट परत आले तेव्हा दोन गोष्टी बदललेल्या दिसल्या. एक म्हणजे बाया पटावर आल्या. वर्धा नदीच्या पलीकडे तळेगाव दशासरला बायांनी स्वतः जोड्या हाकलल्या, कासरा हातात धरून. दुसरी म्हणजे बचत गट. माविम १९७५ पासून आहे, २०११ नंतर उमेदचे काम आपल्या जिल्ह्यात वाढले, आणि आता बहुतेक मोठ्या पटाला गटाचा एखादा तरी स्टॉल असतो. फुकट रांधणारी बाई आता पैसे घेऊन रांधते.

स्टॉल लावणाऱ्या मैत्रिणींसाठी आमचा हिशेब सांगतो. शंभर माणसांना रोडग्याचे पीठ पंचवीस किलो, वांगी-आलू मिळून वीस किलो, तुरीची डाळ सात-आठ किलो. गोवऱ्या लागतील त्याच्या दीडपट न्या आणि झाकून ठेवा, दवाने ओलावल्या तर दिवस गेला. सकाळी तर्री-पोहे चालतात, दुपारी रोडगे, ऊन उतरल्यावर भजी आणि पाटोडी. वरण दुपारनंतर ठेवू नका, आंबते. एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, नाहीतर ऐन गर्दीत वाद होतो. उधारी कोणालाच नको, सरपंचालाही नको.

आणि पाळी लावा. अर्ध्या बाया जगऱ्याशी, अर्ध्या पटावर, दोन तासांनी बदल. शेवटच्या जोड्या सुटायच्या वेळी सगळ्यांनाच जायचे असते. तेव्हा आम्ही ‘बायांना शेकता येत नाही’ म्हणणाऱ्या दोघा-तिघा भाऊंना बोलावतो, चिमटा त्यांच्या हातात देतो, राखेत किती रोडगे आहेत ते मोजून सांगतो आणि पटाकडे निघतो.