शून्य अपघातांचं बक्षीस आणि लपवलेलं बोट

आजची गजाल एका मिक्सरपासून सुरू होते.

हा मिक्सर मालवणात माझ्या मावशीच्या घरी आहे. माझा मावसभाऊ घाटावरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता, तिथे तो मिळाला. गेटवर बोर्ड होता, 'अपघाताविना दिवस'. शंभर भरले की त्या शॉपमधल्या प्रत्येकाला मिक्सर. मध्ये एक जरी अपघात नोंदवला गेला, तर आकडा परत शून्यावर.

शहाऐंशीव्या दिवशी भावाचं बोट प्रेसमध्ये चेपलं. त्याने रुमाल गुंडाळला आणि शिफ्ट पूर्ण केली. चाळीस जणांचे मिक्सर आपल्यामुळे जाणार, ही भीती. मग बाहेरच्या डॉक्टरकडे स्वतःच्या पैशाने टाके घालून घेतले. गणपतीला घरी आला तेव्हा मावशीने विचारलं, "काय झाला रे बोटाक?" हा म्हणतो, "कायेक नाय गे, दाराक चेपला."

शंभर दिवस भरले. मिक्सर वाटले. पुढच्याच महिन्यात त्याच मशीनवर दुसऱ्या एका मुलाची दोन बोटं गेली. मशीनचं गार्ड ढिलं होतं, आणि ते भावाला माहीत होतं. आजही मिक्सर सुरू झाला की तो उठून पडवीत जाऊन बसतो.

मला वाटायचं, ही एका कंपनीची चूक. पण इतिहास वाचायला घेतला आणि कळलं की ही गोष्ट बरीच जुनी आहे.

चला १९६५ मध्ये. त्या वर्षी भारत सरकारने कामगारांशी संबंधित दोन पुरस्कार सुरू केले. पहिला राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार. तो कारखान्यांना मिळायचा आणि मोजमाप होतं अपघातांचा कमीत कमी दर, किंवा अख्खं वर्ष अपघाताविना. दुसरा श्रमवीर पुरस्कार, ज्याला पुढे विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार म्हणू लागले. तो थेट कामगाराला. कशासाठी? तर उत्पादन, सुरक्षितता किंवा कामाची परिस्थिती सुधारेल अशी सूचना केली म्हणून. पुढच्याच वर्षी, ४ मार्च १९६६ रोजी, राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. ४ मार्चला कंपन्यांमध्ये शपथ घेतात ना, ती यामुळेच.

आता या दोन पुरस्कारांतला फरक बघा. एक आकड्याला बक्षीस देतो, दुसरा तोंड उघडणाऱ्याला.

आकड्याचा घोळ असा, की तो नोंदीवर अवलंबून असतो. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली नियम होता, की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर ते सरकारी निरीक्षकाला कळवायचं. नियम चांगलाच. पण आकडा सांभाळायचा असेल तर पळवाट सोपी आहे. जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणा आणि खुर्चीत बसवून ठेवा. कागदावर तो हजर!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे ब्रिजचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधत होते, कारण १९८९ च्या भूकंपात जुन्या पुलाचा एक तुकडा कोसळला होता. ठेकेदाराने दाखवलेला जखमींचा दर तशाच इतर कामांच्या साधारण एक चतुर्थांश होता. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी लेखापरीक्षकांनी चौकशी केली, तेव्हा अशा कमी दरामागच्या संभाव्य कारणांत एक कारण समोर आलं. नोंदवण्याजोगी जखम झाली नाही, तर रोख बोनस! २०१२ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने अशा योजनांबद्दल लेखी इशारा दिला. २०१८ मध्ये त्यात खुलासा केला, की धोका किंवा थोडक्यात टळलेला अपघात कळवला म्हणून दिलेलं बक्षीस केव्हाही चालेल. आकड्यावरचं बक्षीसही चालेल, पण त्याने माणसं गप्प बसता कामा नयेत.

मग बक्षीस देऊच नये का? तसं नाही. त्यासाठी आपल्या कोकण रेल्वेकडे या.

ही रेल्वे बांधताना ९३ जणांचे जीव गेले. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. २२ जून २००३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी गेले. आज पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं या मार्गावर गस्त घालतात. मुसळधार पावसात गाड्यांचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवतात.

आता एका गस्तवाल्याचा विचार करा. रात्रीचे दोन, धो धो पाऊस, हातात बॅटरी. रुळांवर दगड दिसतो. तो गाडी थांबवतो. गाडीला उशीर होतो, पुढचं वेळापत्रक कोलमडतं. तरीही रेल्वे अशा माणसाला बोलावून रोख रक्कम आणि प्रशस्तिपत्र देते. म्हणजे वाईट बातमी आणली म्हणून बक्षीस! "दगड दिसलाच नाही तर बोनस" अशी योजना असती, तर तुम्ही त्या गाडीत बसला असता का?

आणि अगदी मालवणच्या किनाऱ्यावरचं उदाहरण. विषय कामगारांचा नाही, पण युक्ती तीच. पूर्वी जाळ्यात संरक्षित कासव किंवा डॉल्फिन अडकला, तर मच्छीमारापुढे पेच. जाळं कापून सोडायचा तर नुकसान आपलं, आणि सांगावं तर कायद्याची भीती. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना आणली. जाळं कापून प्राण्याला सोडा, मोबाइलवर फोटो किंवा व्हिडिओ काढा आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्या. जे लपवावंसं वाटायचं, ते दाखवायला आता कारण मिळालं.

माझ्या भावाच्या कंपनीलाही हे जमलं असतं. तोच मिक्सर 'गार्ड ढिलं आहे' हे सांगणाऱ्याला द्यायचा होता.

तुमच्यापैकी कितीतरी जण एमआयडीसीत, गोदामात नाहीतर डिलिव्हरीच्या गाडीवर ही गजाल ऐकत असाल. तुमच्याकडे असा बोर्ड असेल, तर सुपरवायझरला एकच विचारा, "दादा, मी धोका दाखवला तर आकडा शून्यावर जाणार की माझं नाव बोर्डावर लागणार?"

आणि बोटाक काय झाला, तर दाराचा नाव घेव नकात. भेटूया पुढच्या भागात!