गाजर गवत : ओळख व आगमनाचा काल

ज्या तणास महाराष्ट्रात 'गाजर गवत' किंवा 'काँग्रेस गवत' म्हणतात, ते वस्तुतः गवत नव्हे. लिनीयसने १७५३ साली 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' असे नाव दिलेली ही वनस्पती सूर्यफूल कुलातील, म्हणजे रुंद पानांच्या तणांपैकी आहे. हा भेद केवळ नामनिष्ठांचा आग्रह नव्हे. फक्त गवतवर्गीय तणे मारणारे औषध फवारणाऱ्यास हे झाड खुशाल वाढताना दिसते. २,४-डी सारख्या औषधाची गोष्ट निराळी.

'गाजर' हा शब्द मात्र सार्थ आहे. कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व गाजराच्या पानांप्रमाणे खोलवर चिरलेली असतात. या अवस्थेत बागेतील माळी त्यास शेवंतीचे रोप समजून राखून ठेवतो, असेही घडते. पुढे उभ्या रेषांचे, लवयुक्त खोड वर येऊन पुष्कळ फाटे फुटतात. निश्चित ओळख फुलोऱ्यावरून पटते. पांढरा स्तबक जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीचा; त्याच्या कडेस बहुधा पाचच किरणपुष्पके, आणि बी धरते ते त्यांतच. मधली पुष्पके वांझ असतात. भिंगाखाली हे एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही. ती होऊ नये याचे कारणही आहे. या झाडातील पार्थेनिन या द्रव्याने होणाऱ्या त्वचादाहाची हकीकत १९७४ साली लोणकर, मिचेल व कॅल्नन यांनी प्रसिद्ध केली. उघड्या हातांनी खुरपणी करणाऱ्या स्त्रियांस त्या निबंधाची वार्ता कोठून असणार?

आता आगमनाचा प्रश्न. हे तण अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर आले, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तिच्या आड कालक्रम येतो. त्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुण्यातील उकिरड्यांवर ही वनस्पती १९५५ सालीच आढळली होती, व आर. एस. राव यांनी १९५६ साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तिची भारतातील नवी नोंद म्हणून माहिती दिली. तथापि यावरून गव्हास निर्दोष ठरविणे घाईचे होईल. १९५१ सालच्या कर्जाऊ मदतीतूनही अमेरिकन धान्य आले होते. तेव्हा करार चुकीचा ठरतो, धान्य नव्हे.

'नवी नोंद' हे विधानही पुढे दुरुस्त करावे लागले. रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीत हे नाव आहे, आणि ब्रँडिसने १८८० साली गोळा केलेला नमुना डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आहे. म्हणून काही अभ्यासक आगमनाचा काल दीडशे वर्षे मागे नेतात. मला हे अनुमान पटत नाही. उद्यानातील यादी ही लागवडीची साक्ष आहे, प्रसाराची नव्हे. रॉक्सबर्गचे रोप वाफ्यातच संपले असणे अगदी संभवनीय आहे. इतक्या झपाट्याने पसरणारे तण शंभर वर्षे रानोमाळ असते, तर १९५५ पूर्वी पश्चिम भारतात हिंडलेल्या वनस्पतिसंग्राहकांच्या नजरेतून ते सुटले नसते. पहिली नोंद १८१४ ची, पण पुण्यात दिसलेल्या प्रसाराचा आरंभ १९५५ च्या थोडा अगोदरचा, असे दोन काल वेगळे मानणेच पुराव्याशी सुसंगत आहे.